सूनबाईंची टाकी

मासेबाईंना माशांपलीकडे काही सुचत नाही, असं घरचे म्हणत आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. हे नाव त्यांना प्रयोगशाळेत पडलं होतं. नवऱ्याने ते मोठ्या आनंदाने घरी आणलं. सध्या बाईंचा सगळा जीव एकाच टाकीत अडकला होता. तिचं नाव ‘सूनबाईंची टाकी’. हे बारसं भिंगवाल्याने केलेलं. भिंगवाला म्हणजे दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसणारा त्यांचा सहकारी.

टाकीत होते बोटाएवढे साधे शोभेचे मासे, कुठल्याही दुकानात मिळतील असे. पण त्यांच्या पोटात बीज होतं परक्याचं. डोंगरातलं एक तळं आटलं आणि तिथला काळ्या पट्ट्याचा मासा जगातून नाहीसा झाला. शेवटचा नर इथेच, प्रयोगशाळेत, बाईंच्या डोळ्यांदेखत मेला. त्या दिवशी बाई जेवल्या नव्हत्या. त्याच्या बीजपेशी तेवढ्या काढून गोठवून ठेवल्या होत्या. पुढे भिंगवाल्याने केसाहून बारीक सुईने त्या पेशी या साध्या माशांच्या नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांत सोडल्या. पिल्लांचं स्वतःचं बीज आधीच बंद केलेलं होतं. आणि अशा कोवळ्या बीजपेशी नराच्या असल्या तरी मादीच्या पोटात गेल्या की त्यांची अंडी होतात. म्हणजे मोठं होऊन यांतल्या कुणी अंडी घातलीच, तर ती काळ्या पट्ट्याचीच असणार. आणि नाही घातली तर सगळं संपलं, कारण पेशींची शेवटची कुपीसुद्धा वापरून झाली होती.

पिल्लं मोठी झाली. माद्यांची पोटं गोल दिसू लागली, नर मागे मागे फिरू लागले, पण अंड्यांचा पत्ता नाही.

मग काय, अख्ख्या प्रयोगशाळेचं सासर झालं. जो तो टाकीवरचा काळा पडदा सारून आत डोकावू लागला. भिंगवाला चहाचा कप हातात घेऊन येई आणि विचारी, “काय म्हणतायत सूनबाई?” ज्यांना माशातलं ओ की ठो कळत नव्हतं, असे हिशेबखात्यातले लोकही चक्कर टाकून जात. पण सगळ्यांवर कडी केली ती मासेबाईंनी. हे मासे सकाळी दिवे लागले की त्या उजेडावर अंडी घालतात, अवेळी उजेड पडला तर त्यांचं सगळं बिनसतं, हे नव्या माणसाला त्याच शिकवत. आणि संध्याकाळी खोलीतले दिवे मालवले की त्याच मोबाईलचा उजेड टाकून टाकीत बघत. दारापर्यंत जात, पुन्हा माघारी येत, पुन्हा बघत. मोबाईल म्हणजे काही दिवा नव्हे, अशी त्यांनी आपली सोयीची समजूत करून घेतली होती. माणूस शिकलेला असला की स्वतःची समजूतही जरा चांगली घालू शकतो.

एकदा सासूबाईंना चष्म्याचा नंबर काढायला न्यायचं होतं. निघायला वेळ होता म्हणून बाईंनी त्यांना टाकीजवळच्या स्टुलावर बसवलं. दिवे नुकतेच मालवले होते. सासूबाई बसल्या बसल्या बघत होत्या. सून पडदा सारते, उजेड टाकते, सुस्कारा सोडते, जाते, परत येते.

“किती वेळा बघशील गं त्यांना?” शेवटी त्यांनी विचारलंच.

“काळजी वाटते हो, आई.”

“मलाही वाटायची.” सासूबाई चष्मा पदराने पुसत म्हणाल्या. “म्हणून तर सारखी विचारायचे ना तुला, काही विशेष? तू ताटावरून उठून जायचीस. मला वाटायचं, सुनेच्या नाकावर राग.”

बाईंनी सारलेला पडदा पुन्हा ओढून घेतला.

‘काही विशेष?’ लग्नानंतर कितीतरी वर्षं या दोन शब्दांनी त्यांचा पिच्छा पुरवला होता. सासूबाई विचारत, नणंद विचारे, शेजारीण जिन्यात गाठून विचारे. मूल झालं नाही. हळूहळू प्रश्न थांबले, दुखणं बोथट झालं आणि दोघी सासूसुना टीव्हीच्या रिमोटवरून भांडण्याइतक्या जवळ आल्या. आता बाई सुखात होत्या, अगदी मनापासून. पण तो प्रश्न त्या विसरल्या नव्हत्या. आणि आज तोच प्रश्न आपण या मुक्या जिवांना उजेड पाडून पाडून विचारतोय, हे लक्षात आलं तेव्हा त्यांना इतकी लाज वाटली की त्यांनी मोबाईल पर्समध्ये टाकला आणि पर्स सासूबाईंच्या मांडीवर ठेवली.

“सांभाळा.”

दुसऱ्या दिवशी पडदा चिमट्यांनी गच्च बंद झाला. खाणं घालायला एकानेच जायचं आणि तोंड मिटून बाहेर यायचं, असा नियम झाला. बाईंनी त्यासाठी मुद्दाम भिंगवाल्याला नेमलं, कारण स्वतःवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. घरी सासूबाईंनीही जाहीर केलं, “मी या विषयावर चकार शब्द काढणार नाही.” आणि खरोखरच काढला नाही.

असेच काही दिवस गेले. मग एका सकाळी भिंगवाला खोलीतून बाहेर आला तो नियम मोडूनच. त्याचं तोंड बंद होतच नव्हतं. टाकीच्या तळाच्या जाळीखाली काचेच्या मण्यांसारखी अंडी पडली होती.

बाईंनी तरीही घरी कुणाला सांगितलं नाही. अंडी फुटू दिली. पिल्लं पोहू लागली, मग त्यांच्या पाठीवर कसलीशी रेघ उमटली. बाईंनी भिंगाखाली पाहिलं. काळा पट्टा होता, शेवटच्या नराच्या पाठीवर होता तसाच. त्या तिथेच खुर्चीत बसून रडल्या, आणि भिंगवाल्याने शहाण्यासारखं खिडकीबाहेर पाहिलं.

संध्याकाळी त्या घरी पोचल्या तेव्हा सासूबाई वाटाणे सोलत होत्या. नव्या चष्म्याची दांडी टोचते, नळाला पाणी बारीक येतं, शेजारणीचा जावई फार बोलतो, असं सगळं त्यांनी सांगितलं. सुनेच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांना कळत नव्हतं असं नाही, पण दिलेला शब्द त्या पाळत होत्या. बाई समोर बसल्या. दोन शेंगा सोलल्या. मग त्यांना राहवेना.

“आई, विचारा ना.”

“काय?”

“तेच. तुम्ही विचारायचात ते.”

सासूबाईंनी हातातली शेंग खाली ठेवली. मग घसा खाकरून, पहिल्यांदाच विचारत असल्यासारखं, त्यांनी हळूच विचारलं, “काही विशेष?”

“हो आई,” बाई म्हणाल्या. “आहे.”