वाळीवच्या प्रेसवरचे डावे बटण

मित्रांनो, मी एका पॉवर प्रेसचे जुने डावे बटण आहे. हल्ली रोज सकाळी माझ्यावर चिकटपट्टी बसते, आणि तेव्हापासून सुट्टी होईपर्यंत मला भीती वाटत राहते.

वाळीवच्या आमच्या कारखान्यात गाड्यांच्या ब्रेकसाठी पत्रे कापले जातात. पत्रा खाली ठेवायचा, मग वरून ऐंशी टनांच्या दाबाने साचा येतो. पूर्वी तो पायाने पेडल दाबून आणत. पाय घाई करी आणि हात आतच राही. भुईगावच्या गॉडफ्रेची दोन बोटे अशीच गेली.

मग युनियनने गेटवर ताडपत्री बांधून तेवीस दिवस संप केला. मागणी होती, प्रत्येक प्रेसला दोन बटणे. दोन्ही एकदम दाबली तरच साचा खाली येणार, म्हणजे दोन्ही हात बाहेर. सोळा वर्षांपूर्वी मला बसवले, तेव्हा बासष्ट सभासदांनी प्रेसला झेंडूचा हार घातला. पहिला पीस गॉडफ्रेने काढला, उरलेल्या आठ बोटांनी.

संप मिटवताना झालेल्या करारात आणखी एक ओळ होती: दिवसाला माणसामागे तीन हजार पीस, त्याहून जास्त नाही. पुढे 'कायम कामगारांसाठी' असे लिहिले होते. तेव्हा कंत्राटी माणसे सातच होती. ती कोणाच्या ध्यानात आली नाहीत.

आता कायम चौदा उरलेत आणि कंत्राटी नव्वद. माझ्या प्रेसवर नालासोपाऱ्याची नेत्रा असते. तिला साडेचार हजार पीस काढावे लागतात. कमी पडले तर दुसऱ्या दिवशी गेटवर तिचे नाव पुकारत नाहीत, म्हणजे काम नाही. मला पट्टीने दाबून ठेवले की तिचा डावा हात मोकळा होतो आणि पत्रा भराभर सरकतो. दर सहा सेकंदांनी तो हात साच्याखाली जातो. मी मोजत राहते. दुसरे काही माझ्या हातात नाही.

आज दुपारी गॉडफ्रेने ती पट्टी पाहिली आणि काढून टाकली.

"असं नको करू गं बाय."

नेत्राने मान वर न करता नवी पट्टी लावली. "अंकल, तुमचे तीन हजार कागदावर आहेत. आमचे कोण लिहिणार?"

"त्या कागदावर सही माझी आहे," गॉडफ्रे म्हणाला. "चुकलं आमचं."

तो परत गेला आणि त्याने आपली प्रेस बंद केली. मग एकेक करत चौदाही जणांनी काम थांबवले. सुपरवायझर जयवंत धावत आला. पगारवाढ हवी का, बोनस हवा का, असे विचारू लागला. गॉडफ्रेने सांगितले, आम्हाला काही नको. कंत्राटी माणसांनाही तीन हजारच पीस द्या.

जयवंतने नेत्राकडे बोट दाखवले. "ती पोरगी तुमची मेंबर तरी आहे का?"

"साहेब, प्रेस काय मेंबरशिप विचारून बोटं घेते?"

आता चौदा जण ऑफिसच्या दारात उभे आहेत. आत काय चालले आहे, इथवर ऐकू येत नाही. नेत्राने एकदा तिकडे पाहिले. मग नखाने माझ्यावरची पट्टी सोलून काढली आणि दोन्ही हातांनी दोन्ही बटणे दाबली. साचा खाली आला. तिचे हात बाहेर होते.

आज तिचे पीस कमी भरणार. उद्या गेटवर तिचे नाव येईल का, मला माहीत नाही. त्या चौदा जणांचे काय होईल, तेही माहीत नाही.

मित्रांनो, रस्त्यात एखादी गाडी तुमच्यापुढे वेळेवर थांबली, तर तिच्या ब्रेकमागचे हात आठवा. आणि उद्या मोठे होऊन कधी असा करार लिहायला बसलात, तर जे त्या खोलीत नाहीत त्यांना आधी मोजा.