नकाशे काढणारीचं नाव

मी एका खेळाच्या पुस्तिकेचा शेवटचा कागद बोलतोय. खेळ असा, की चारपाच जणांनी टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकाने एकेक पात्र व्हायचं, फासे टाकत गोष्ट पुढे न्यायची. मूळ नियम एका कंपनीचे. नियम खुशाल वापरा, आमच्या गोष्टींतली राक्षसमंडळी मात्र उचलू नका, असं तिने जाहीरच केलेलं. म्हणून एका इलेक्ट्रिशियनने स्वतःची गोष्ट रचली, पाण्याखालच्या शहराची. त्याच्या धाकट्या बहिणीने रक्ततपासणीची नोकरी सांभाळून त्या शहरातल्या एकोणीस खोल्यांचे नकाशे काढले.

छापताना या गड्याने काय करावं? कुठल्याशा पुस्तकातली ओळ माझ्यावर जशीच्या तशी उतरवली, 'सर्व हक्क लेखकाच्या स्वाधीन', आणि खाली एकट्याचं नाव. मनात पाप नव्हतं, पण डोकंही चालवलं नव्हतं. बहिणीने मला वाचलं, पुस्तिका मिटली आणि खेळायला येणंच सोडलं. तिने सांगितलं नाही, याने विचारलं नाही. दोघंही एकाच माळेचे मणी! अशी दोन वर्षं गेली. मला फार वाईट वाटायचं, कारण भांडण माझ्याच अंगावर छापलेलं होतं.

मग एके दिवशी त्याच्या दुकानात एक बाई आल्या. पक्षाघाताने वाचा गेलेल्यांना त्या पुन्हा बोलायला शिकवतात.

"तुमच्या खेळात बोलल्याशिवाय दार उघडत नाही," त्या म्हणाल्या. "माझ्या माणसांना हेच हवंय. फक्त वाक्यं छोटी आणि नकाशे मोठे करावे लागतील. शेवटी हक्कांचं वाचलं, म्हणून विचारायला आले."

"करा की खुशाल."

"नकाशेही तुमचेच ना?"

"नाही, बहिणीचे."

"मग त्यांचा होकार हवा. त्या नाही म्हणाल्या, तर मला हे वापरता यायचं नाही."

इलेक्ट्रिशियनचा चेहरा खर्रकन उतरला. त्याच संध्याकाळी तो पुस्तिका घेऊन बहिणीच्या दारात उभा राहिला. बाईंचं काम सांगायच्या आधीच म्हणाला, "चुकलं माझं. तुझं नाव टाकायला हवं होतं."

"हे सांगायला दोन वर्षं लागली, दादा?"

"अक्कल उशिरा आली."

"आली ना, मग बस आता."

बाईंचं काम ऐकून तिने पेन काढलं. हक्कांची ओळ खोडली आणि त्याला विचारून विचारून लिहिलं, 'वापरा, बदला, वाटा. मूळ कुणाचं ते लिहा, आणि तुमचे बदलही असेच सगळ्यांसाठी खुले ठेवा.' भावाच्या नावाखाली तिने आपलं नाव लिहिलं. अंगावर पेन फिरत असताना मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू!

आता मी बाईंच्या टेबलावर असतो. माझ्या प्रती कुठे कुठे पोचल्यात, मलाही ठाऊक नाही. काल एका निवृत्त बसचालकाने अडखळत, हातवारे करत शहराला विसावी खोली जोडली. बाईंनी ती लिहून घेतली. मग त्याने मला पुढ्यात ओढलं आणि बहिणीच्या नावाखाली डाव्या हाताने स्वतःचं नाव लिहिलं. चारच अक्षरं, पण बराच वेळ लागला. कुणी घाई केली नाही.

माझ्यावर अजून पुष्कळ जागा आहे. तुम्हीही काही जोडलंत तर इथे लिहा. वरची नावं तेवढी राहू द्या.