दुसऱ्या टेबलावरचं मत

ऑगस्टच्या त्या मंगळवारी सकाळी सात ते संध्याकाळी सात माझ्या टेबलावर सात माणसं आली. त्यातली दोन रस्ता चुकून आली होती. पंधरा वर्षं मी माउंट नेबो चर्चच्या हॉलमध्ये आमच्या पक्षाचं टेबल सांभाळत होते, आणि असा दिवस मी बघितला नव्हता. माझी माणसं, माझी भावकी, ज्यांच्या पोरांना मी शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं जेवू घातलं ती सगळी माझ्याकडे न बघता समोरून जात होती आणि पलीकडच्या टेबलाशी रांग लावत होती.

आमच्या मिसिसिपीत मतदाराच्या नावापुढे पक्ष लिहिलेला नसतो. ऑगस्टात दोन्ही पक्ष आपापले उमेदवार निवडतात, तेव्हा एकाच हॉलमध्ये दोन टेबलं लागतात. ज्या टेबलावर जाल त्या पक्षाची मतपत्रिका मिळते, मात्र एकाच. मग नोव्हेंबरात सगळी नावं एका कागदावर येतात. पण आमच्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, आमच्या भागाच्या सुपरवायझरचा निकाल ऑगस्टातच लागतो, तोही त्यांच्या टेबलावर. नोव्हेंबरात त्या जागेपुढे एकच नाव उरतं. आमच्या पक्षाकडून कोणी उभंच राहत नाही. आणि रस्ते, पूल, मोऱ्या सगळं असतं ते त्या सुपरवायझरच्या हातात.

सोळा वर्षं तो रँडल टीग होता.

आमच्या काळ्या वस्तीच्या स्वीटगम रस्त्यावरची ओढ्याची मोरी दोन वर्षांपूर्वी वाहून गेली. टीगने तिथं दोन पिंपं उभी केली, त्यांना नारिंगी फीत बांधली आणि तो विसरून गेला. त्याच महिन्यात गोऱ्या लोकांच्या शिकार क्लबच्या फाटकापर्यंत मात्र नवी खडी पडली. फेब्रुवारीत व्हर्लीन मावशीच्या नवऱ्याच्या, लॉन्झोकाकांच्या छातीत कळ आली. अँब्युलन्स मोरीपाशी आली, पलीकडे घर दिसत होतं, पण गाडी येणार कुठून? ती मागे फिरून अकरा मैलांचा वळसा घालून आली, तोवर काका गेले होते. मावशीने स्वयंपाकघराच्या खिडकीतून तो लाल दिवा मागे फिरताना बघितला.

व्हर्लीन टॉलिव्हर माझी सख्खी मावशी नव्हे, पण चर्चमध्ये सगळे तिला मावशीच म्हणतात. शहात्तर वर्षांची, काठीसारखी ताठ. काकांना पुरल्यावर तिसऱ्या आठवड्यात ती काउंटीच्या बैठकीला गेली, मला सोबत घेऊन. हातात कागद होता, त्यावर लिहिलेलं तिने वाचलं. टीग खुर्चीत मागे रेलून ऐकत होता.

"व्हर्लीन, हे बघ," तो म्हणाला, "लॉन्झोचं वाईट झालं. पण मला इथं कोण बसवतं ते मला ठाऊक आहे. स्वीटगम रस्त्याची मतं माझ्या पेटीत कधी आली नाहीत."

मागच्या बाकावर कोणीतरी फिसकन हसलं. ज्याच्या आईच्या घरी व्हर्लीन मावशीच्या आईने वर्षानुवर्षं धुणं धुतलं, तो शहात्तर वर्षांच्या बाईला नुसतं 'व्हर्लीन' म्हणतो आणि नवरा गेल्याची तक्रार मतांच्या तराजूत टाकतो! माझे कान तापले. मावशीने मात्र कागदाची नीट घडी घातली, पर्समध्ये ठेवली आणि "साहेब, आभारी आहे" म्हणून बाहेर आली.

त्यानंतरच्या रविवारी प्रार्थना संपल्यावर ती उभी राहिली.

"तो म्हणाला, आपली मतं त्याच्या पेटीत नसतात. खरं बोलला. मग या ऑगस्टात त्याच्याच पेटीत जाऊन टाकू. त्याच्याविरुद्ध बेथ अ‍ॅन हॉलिफील्ड उभी आहे."

बेथ अ‍ॅन म्हणजे गावातली पशुखाद्याची दुकानदारीण. गोरी, टीगच्याच पक्षाची. तिचा ट्रकही त्या मोरीपाशी दोनदा अडकला होता, एवढाच आमचा तिचा संबंध.

मी भडकले. सगळ्यांसमोर म्हणाले, "मावशी, मतदार यादीत नाव घालायला गेले म्हणून तुमच्या वडिलांना लाकडाच्या वखारीतून हाकललं. भर रस्त्यात मारलं. आणि तुम्ही आता त्या लोकांच्या टेबलावर जाणार?"

"लुएला," ती म्हणाली, "माझ्या बापाने मतासाठी मार खाल्ला. टेबलासाठी नाही."

मी पुढे पाच महिने तिच्याशी धड बोलले नाही.

तर तो मंगळवार. पलीकडच्या टेबलावर जॅनिस प्रुइट होती. आम्ही दोघी कितीतरी निवडणुका त्या हॉलमध्ये समोरासमोर काढल्या. तिचा लिंबाचा केक आणि माझं तळलेलं चिकन, दुपारी अदलाबदल ठरलेली. भिंतीशी उमेदवाराचा निरीक्षक म्हणून टीगचा जावई बसला होता, कोल. वय तिशीचं, नवेकोरे बूट, मांडीवर फोन. पहिली दहाबारा स्वीटगमची माणसं गेली तेव्हा त्याला कळलंच नाही. मग तो उठला, दारातून रांग बघितली आणि त्याचा चेहरा बदलला.

नेमकी तेव्हाच मावशी पुढे आली. रविवारची निळी टोपी घालून.

"थांब," कोल म्हणाला. "तू इथं कशी?"

"मत द्यायला, बाळा."

"तुझं टेबल ते तिकडे."

"टेबलं चर्चची आहेत. काल संध्याकाळी मीच पुसलीत."

रांगेत हशा पिकला. कोल लाल झाला.

"नोव्हेंबरात आमच्या पक्षाच्या उमेदवारांना पाठिंबा देणार? शपथेवर सांग. कायद्यात तसं आहे."

"नोव्हेंबर मी बघेन की नाही हे देव मला सांगत नाही, आणि मी तुला सांगू?"

"जॅनिस, हरकत नोंदव. ही बाई आमच्या पक्षाची नाही."

खरं सांगते, त्या क्षणी माझ्या मनात आलं, बरं झालं. परक्या दारात गेलीस ना, भोग आता. जॅनिसचा हात खणाकडे गेला. तिने माझ्याकडे बघितलं. मी खाली माझ्या कोऱ्या यादीकडे बघितलं. तिने लिफाफा काढला. मावशीने मतपत्रिका भरली, जॅनिसने ती लिफाफ्यात घालून त्यावर 'हरकत' असा शिक्का मारला, आणि मत पेटीत न जाता बाजूच्या खोक्यात गेलं. मावशी खोक्याकडे नुसती बघत राहिली.

मग कोल रांगेकडे वळून मोठ्याने म्हणाला, "स्वीटगमवाले सगळे. सगळ्यांवर हरकत. वेळ वाचवायचा असेल तर घरी जा."

घरी जा! आमच्या चर्चमध्ये, आमच्या बापजाद्यांनी स्वतःच्या हाताने घातलेल्या फरशीवर उभा राहून! माझ्या पंधरा वर्षांच्या टेबलावरून मी उठले. नियमांचं पुस्तक उचललं, चालत पलीकडे गेले आणि जॅनिससमोर पान उघडून आपटलं.

"वाच. मोठ्याने वाच."

जॅनिसने वाचलं. मतदाराने स्वतःहून तोंडाने 'मी पाठिंबा देणार नाही' असं सांगितलं तरच हरकत. त्याच्या मनातला इरादा कोणी खोदून विचारायचा नाही. गेल्याच महिन्यात आम्ही दोघींनी प्रशिक्षणात शेजारी बसून हे ऐकलं होतं.

"मावशीने असं काही सांगितलं का?" मी विचारलं.

"नाही," जॅनिस म्हणाली.

"तू तुझ्या टेबलावर जा," कोल माझ्यावर खेकसला. "तुझा काय संबंध?"

"माझा? माझ्या टेबलाची सगळी गिऱ्हाइकं तुझ्या दारात उभी आहेत. माझा नाही तर कोणाचा?"

जॅनिस उभी राहिली. बुटकी बाई ती, पण उभी राहिली. "कोल, तुझी खुर्ची भिंतीशी आहे. तिथं बस, नाहीतर शेरीफला फोन करते." रांगेतल्या पुढच्या माणसाला तिने मतपत्रिका दिली, लिफाफा नाही. मग त्याच्या मागच्याला. मावशीचा लिफाफा मात्र बंद झालेला होता, तो उघडायचा अधिकार आम्हा दोघींनाही नव्हता.

रात्री निकाल आला. बेथ अ‍ॅन एकोणीस मतांनी जिंकली. टीगने तक्रार केली, की स्वीटगमच्या लोकांनी त्याच्या पक्षाची निवडणूक चोरली. शुक्रवारी कोर्टाच्या तळघरात त्यांच्या पक्षाची समिती बसली, पाच जण. टीगची तक्रार फार टिकली नाही, कारण कोणी कोणाला मत दिलं हे सिद्ध करणार कसं? त्यांनी निकाल कायम ठेवला. खुर्च्या सरकू लागल्या, तेव्हा मावशी उठली.

"माझा लिफाफा राहिला."

अध्यक्ष म्हणाले, "बाई, त्याने निकाल बदलत नाही. तुमची उमेदवार जिंकली. घरी जा."

"निकाल तुमचा. मत माझं. ते मोजा."

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. "मग मला विचारावं लागेल. नोव्हेंबरात तुम्ही आमच्या पक्षाला मत देणार?"

मला राहवलं नाही. "वीस वर्षांपूर्वी," मी म्हणाले, "या काउंटीत शेरीफ आमच्या टेबलावर ठरायचा. तेव्हा मी टेबलावर नवीन होते, नुसती मदतीला. रँडल टीगचे वडील आमच्या टेबलावर आले. शिकार क्लबचे सगळे आले. या समितीतले तुम्ही दोघं आलात, मला चेहरे आठवतात. मी स्वतः तुम्हाला मतपत्रिका दिल्या, आणि वर म्हणाले, सावकाश भरा. नोव्हेंबरात तुम्ही कोणाला मत दिलं हे सगळ्या गावाला माहीत होतं. तेव्हा इरादा कोणी विचारला? तुम्ही आलात तर शहाणपण आणि आम्ही आलो तर चोरी?"

 एकाने घड्याळ बघितलं. मग त्यांनी लिफाफ्यावर आपापसांत मतं घेतली. तीन विरुद्ध दोन. लिफाफ्यावर दुसरा शिक्का पडला, 'अपात्र'. ज्या बाईने हे सगळं उभं केलं तिचंच एक मत त्या काउंटीत मोजलं गेलं नाही.

गाडीत मावशीने पर्स मांडीवर घेतली. मग म्हणाली, "लुएला, तू त्या दिवशी आधी उठली असतीस तर?"

मी गाडीचा वेग कमी केला.  नंतर म्हणाले, "हो. उठायला हवं होतं."

"बरं," ती म्हणाली. एवढंच.

नोव्हेंबरात आम्ही सगळे आमच्या जुन्या घरी परतलो. गव्हर्नरपासून खालपर्यंत आमच्या पक्षाच्या नावांवर खुणा केल्या, सुपरवायझरपुढे तर बेथ अ‍ॅनचं एकटीचंच नाव होतं. आकडे आले आणि कोलने वर्तमानपत्राला पत्र लिहिलं, 'पाहुणे जेवून गेले, ताट फोडून गेले.' मी उत्तर पाठवलं, की ज्या घराचं छप्पर आमच्या करातून घातलं तिथं आम्ही पाहुणे कसे? ते त्यांनी छापलं नाही.

आमच्या पक्षानेही काही पाठ थोपटली नाही. काउंटीचे आमचे प्रमुख होझिया पिकेन्स, त्यांचा फोन आला. "लुएला, पाच मतं? वर काय तोंड दाखवू मी? तुझ्या डोळ्यांदेखत गेली सगळी!"

"सुपरवायझरला उमेदवार द्या," मी म्हणाले. "शेवटचा कधी दिलात?"

"ते वेगळं."

"काय वेगळं? माणूस मेला त्या रस्त्यावर."

पुढच्या वेळी टेबलासाठी त्यांनी दुसरी बाई नेमली.

वसंतात मोरी झाली. खडी पडली. बेथ अ‍ॅन स्वतः बूट चिखलात घालून उभी होती, आणि ते मी नाकारणार नाही. पण जूनच्या बैठकीत एक ठराव आला. काउंटीतली दोन मतदान केंद्रं बंद करायची, खर्च कमी करायला. त्यातलं एक माउंट नेबो. आम्ही आता चौदा मैलांवर गावातल्या व्यायामशाळेत मत द्यायचं. ठरावाच्या बाजूने हात वर करणाऱ्यांत बेथ अ‍ॅन होती.

मावशी दुसऱ्याच दिवशी तिच्या दुकानात गेली, मीही. बेथ अ‍ॅन कोंबड्यांच्या खाद्याच्या पोत्यांमागे उभी होती.

"मिस व्हर्लीन, मनाला लावून घेऊ नका," ती म्हणाली. "माझ्याच पक्षाचे लोक मला म्हणतात, तू त्यांच्या मतांवर आलीस. मला पुढच्या निवडणुकीत पुन्हा उभं राहायचंय. मोरी करून दिली ना मी?"

"मोरी सरकारने करायचीच असते," मावशी म्हणाली. "तुम्ही ती केली, म्हणून आम्ही तुमचं नाव घेतो. पण आमच्या दारातलं मत उचलून नेलंत ते कोणाच्या भीतीने? आमच्या, की कोलच्या?"

बेथ अ‍ॅनने एका पोत्याची शिवण चाचपली. दारात दुसरं गिऱ्हाईक येताच ती "येते हं" म्हणून तिकडे गेली, ती परत आलीच नाही.

आम्ही पाच मिनिटं थांबलो. मग मावशी म्हणाली, "चल, आधी होझियाकडे. त्याला विचारू, पुढच्या निवडणुकीत आपल्यातलं कोण उभं राहणार. आणि तो 'बघू' म्हणाला ना, तर त्याला सांगते, मी राहते."

"मावशी, तेव्हा तुम्ही ऐंशीच्या असाल."

"मग लुएला, तू राहा," ती म्हणाली, आणि गाडीत जाऊन बसली.

मी तिथंच पोत्यांपाशी उभी होते. मग मीही गाडीत येऊन बसले. किल्ली काढली आणि गाडी होझियाच्या घराकडे घेतली.