माळावर आणलेला दिवा

गाव धरणात जाणार म्हणून दोन हजार सहा साली सगळे माळावरच्या नव्या गावठाणात आले. वर्धा नदीच्या घाटावर माणसं पार नेणाऱ्या डोंग्यांना वाट दाखवणारा दगडी दीपस्तंभ होता. तो बुडू नये म्हणून धनंजयनं त्याचे दगड बैलगाडीतून आणून माळावर पुन्हा रचले. पूल झाल्यापासून डोंगे बंद होते, पण त्याची चुलती पार्बताबाई घाटावर असताना त्यात रोज दिवा लावायची. तिचा नवरा पुरात डोंग्यासकट गेला होता. प्रेतही सापडलं नव्हतं.

माळावर पहिल्यांदा दिवा लागला तेव्हा धनंजय हसून म्हणाला, "काऊन व मोठीमाय, इथं आता कोनाचा डोंगा येते?"

बोलता बोलता त्याची नजर खाली गेली. नदीकडून कोरड्या मातीत ओली पावलं उमटत येत होती. माणूस दिसत नव्हता. स्तंभापासून हातभरावर पावलं थांबली.

"इझव तो दिवा, मोठीमाय!"

पार्बताबाईनं त्याचा हात धरला. घाटाचा रिवाज तिला ठाऊक होता. घरच्या माणसानं नाव घेऊन हाक मारल्याशिवाय डोंगेवाला काठावर पाय ठेवत नसे. नवऱ्याचं नाव बायकोनं घ्यायचं नाही, म्हणून हाक सासू मारायची. सासूही त्याच पुराच्या सुमारास गेली; मग त्याला कुणी बोलावलंच नव्हतं.

तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"सुखदेवा," ती हलकेच म्हणाली, "घरी चाल."

पुढलं ओलं पाऊल तिच्या पायाशी उमटलं.