धुतलेला ड्रम

तळ.

मित्रांनो, मी एक जुना निळा ड्रम आहे. माथेरानच्या एका हॉटेलात पाणी साठवायचो. काठ तडकला, तेव्हा घोड्याच्या पाठीवरून खाली उतरलो आणि कर्जतजवळच्या या कॉलेजात आलो. शेवटच्या वर्षाच्या सुप्रियाने तापल्या सळईने माझ्या अंगाला भोकं पाडली. दुखलं. पण पहिल्यांदाच वारा आत आला. तिने मला कॅन्टीनमागे विटांवर ठेवलं.

त्यावर एक थर.

कांद्याची सालं, चहाचा चोथा, ताटात उरलेले पोहे. वर सागाची वाळकी पानं. पुन्हा उष्टं, पुन्हा पानं. तिच्या वर्गातला ऋतिक चिडवायचा.

"सुप्रिया, तुझ्या जावयाला आज भेंडी चालंल का गं?"

"चालंल. चटणीची पिशवी तेवढी काढ रं. त्याच्या पोटात अडकते."

हसता हसता तोही आपलं ताट माझ्यात रिकामं करू लागला.

सुप्रियाची इच्छा एकच होती. भिसेगावात घरामागे वडिलांनी लावलेला फणस होता. वडील गेले, घर विकलं, फणस तोडला गेला. त्याच्या आठळीचं एक रोप तिने डब्यात जगवलं होतं. कॉलेजच्या आवारात नुसता मुरूम. माझं खत घालून ते रोप तिला इथे लावायचं होतं.

आणखी एक थर.

मी आतून तापलो. मग निवलो. गांडुळं आली. उष्ट्याची माती झाली, काळी, भुसभुशीत. सुप्रियाने मूठभर हुंगली आणि म्हणाली, "सोमवारी लावू."

इथे थर तुटतो.

शनिवारी तपासणीची समिती यायची होती. शिपाई रामभाऊंना माझा अभिमान होता. पाहुण्यांपुढे मी चांगला दिसावा म्हणून त्यांनी मला नाल्यात रिकामं केलं, फिनेलने घासलं, झेंडूची माळ घातली. समितीने माझा फोटो काढला. कौतुक झालं.

सोमवारी सुप्रिया रोप घेऊन आली. झाकण उघडलं.

"रामभाऊ, आतलं कुठंय?"

"घाण व्हती ती, पोरी. समदी काढली. बघ कसा चकाचक केलाय."

तिने आत हात फिरवून बोटं हुंगली.

"बरं केलंत," ती म्हणाली. आणि रोप तसंच मुरमात लावलं.

झाकण.

रोपाने चैत्र काढला. वैशाखात ते वाळलं. तोवर सुप्रिया कॉलेज सोडून गेली होती. ती घाण काय होती, हे रामभाऊंना पुढे निकाल घ्यायला आलेल्या ऋतिकने सांगितलं. तेव्हापासून ते रोज त्या काटकीला पाणी घालतात.

"मुळं हायत अजून," माझ्याकडे बघून म्हणतात.

माझ्या गळ्यात माळेचा दोरा आहे. पोटात काही नाही. ताटं आता प्लास्टिकच्या पिशवीत रिकामी होतात आणि ती पिशवी नाल्याकडे जाते.

मित्रांनो, मला घासू नका. सजवू नका. ताटात राहिलेली अर्धी भाकरी द्या, वर चार पानं टाका आणि थांबा. आणि घाण म्हणून ओतून देण्याआधी एकदा हुंगून बघा.