स्क्रूवरचा लाल ठिपका

"साहेब, हा पीस परत पाठवा," मी म्हणालो. "काच खराब हाय. ठिपका फुटलाय."

टेबलावर हिरवं कापड अंथरलेलं होतं. त्यावर नवी नऊ एमएमची कार्बाइन, नेम धरायच्या दोन-तीन प्रकारच्या साईट, दोन पट्टे, दोन टॉर्च आणि पुढच्या हाताने धरायची एक रबरी मूठ मांडून ठेवली होती. कार्बाइन म्हणजे काय, असं मी नेमबाजी शिकवतो त्या शाळेतली मुलं मला विचारतात. मी सांगतो, खांद्याला लावून चालवायचं पिस्तूल. गोळी पिस्तुलाचीच, पण नळी जरा लांब आणि आधार खांद्याचा, म्हणून नेम जास्त टिकतो.

पोलिसांच्या नव्या पथकासाठी या कार्बाइनवर काय काय चढवायचं ते ठरवायचं होतं. एकतीस वर्षं मी आर्मरर होतो, म्हणजे पोलिसांची हत्यारं दुरुस्त करणारा, त्यांचा नेम जुळवून देणारा. निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी इन्स्पेक्टर कल्पेश साहेबांनी मुद्दाम गाडी पाठवून मला गोळीबाराच्या रेंजवर बोलावलं. नवे सबइन्स्पेक्टर म्हणून आले तेव्हा हत्यार खोलायला माझ्याच हाताखाली शिकले होते ते.

मी हातात धरली होती ती लाल ठिपक्याची साईट. तिच्या काचेतून बघायचं आणि काचेत दिसणारा लाल ठिपका निशाणावर ठेवायचा, बस. पण मला ठिपका गोल दिसत नव्हता. घामाने कपाळावर कुंकू पसरावं तसा एका अंगाला ओघळलेला दिसत होता.

"फुटलाय?" साहेबांनी साईट घेऊन डोळ्याला लावली. मग शेजारच्या शिपाई मुलीकडे दिली. "मिताली, बघ गं."

मितालीने बघितलं. "गोल आहे की सर. टाचणीच्या डोक्याएवढा." मग माझ्याकडे बघून ती जरा अडखळली. "म्हणजे... मला तरी गोल दिसतोय, काका."

"घरतकाका, चहा घेऊ आधी," साहेब लगेच म्हणाले आणि सगळ्यांना घेऊन शेडकडे वळले. माझी लाज झाकायला त्यांनी चहा काढला, हे मला कळलं.

मी टेबलापाशीच थांबलो. दोष काचेचा की डोळ्याचा हे ओळखायची एक सोपी रीत आहे. साईट डोळ्यासमोर धरून हळूहळू फिरवायची. ओघळ साईटबरोबर फिरला तर दोष काचेचा. साईट फिरली आणि ओघळ जागच्या जागी राहिला, तर दोष बघणाऱ्याचा. ही रीत मीच कितीतरी जणांना शिकवली आहे.

मी साईट पाव फेरा फिरवली. मग अर्धा. ओघळ जागचा हलला नाही.

चहा घेऊन मिताली आली तेव्हा मी साईट कापडावर परत ठेवलेली होती. मागोमाग आलेल्या साहेबांनी माझं मत लिहायचा कागद हातात दिला. पट्टा कोणता, टॉर्च कोणता, मूठ हवी की नको, साईट कोणती. आणि खाली सही.

"घाई नाही काका. सोमवारी मिताली येऊन घेऊन जाईल," ते म्हणाले.

गाडीत मी मागे बसलो होतो. ओवे गेलं, खारघर गेलं. माझ्या डोळ्यांसमोर कार्बाइन नव्हतीच. डोळ्यांसमोर होती कामोठ्याच्या शाळेतली तीन नंबरची एअर रायफल.

त्या शाळेच्या हॉलमध्ये दर शनिवारी मी मुलांना एअर रायफल शिकवतो. चार रायफली आहेत, मुलं चौदा. पोलिसात सवय अशी की हत्याराचा नेम आर्मररने जुळवायचा आणि साईटच्या स्क्रूवर रंगाचा ठिपका द्यायचा. ठिपका तुटलेला दिसला की समजायचं, कुणीतरी हात लावला. शिपायाने स्क्रूला हात लावायचा नसतो. मी हीच पद्धत शाळेत चालवली. गोदूच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, लाल नेलपॉलिशची बाटली खिशात ठेवायचो. महिन्यातून एकदा चारही रायफली वाळूच्या पिशवीवर ठेवून मी स्वतः नेम जुळवायचो आणि स्क्रूवर ठिपका.

गेलं वर्षभर मला रायफलीच्या पुढच्या साईटला सावली दिसत होती. एका काडीच्या दोन काड्या. मी हॉलच्या ट्यूबलाइटला दोष दिला. मुख्याध्यापकांना सांगून ट्यूब बदलून घेतली. सावली तशीच राहिली आणि मी त्या सावलीवरूनच मुलांच्या रायफली जुळवत राहिलो.

बाकीच्या मुलांना काही कळलं नाही. त्यांचे छर्रे कागदभर पसरायचे, त्यात डावं-उजवं कोण बघतो? कळलं ते एकट्या पूर्वीला. आठवीतली मुलगी. तिचे पाच छर्रे एका बटणाखाली झाकले जातील इतके जवळ बसायचे.

"सर, तीन नंबर डावीकडं मारते," ती म्हणाली होती.

"रायफल मारत नाय पोरी. मारनारा मारतो."

पुढच्या शनिवारी तिचे पाचही कागदावरच्या मधल्या काळ्या गोलात होते. मी शाबासकी द्यायला वाकलो आणि मला स्क्रूवरचा ठिपका तडकलेला दिसला. तिने केसाच्या पिनेने स्क्रू फिरवला होता. काळ्यातली पाच भोकं आणि तडकलेला ठिपका, दोन्ही माझ्यासमोर होतं. मी ठिपकाच तेवढा बघितला. तिला तासभर भिंतीशी उभं केलं, साईट आधी होती तशी केली आणि वर नवा ठिपका दिला.

आठ दिवसांनी जिल्ह्याच्या संघाची निवड होती. पूर्वीचे सगळे छर्रे डावीकडे गेले. ती बाहेर आली. मी बोललो, मुलांसमोर आणि त्यांच्या आईबापांसमोर.

"हात हलतो तुजा. हात हलनाऱ्यानं सुईदोरा घ्यावा, रायफल नाय."

त्यानंतरच्या तीन शनिवारी ती आली नाही.

घरी आलो तेव्हा गोदू तांदूळ निवडत होती. मी सांगितलं, डोळा गेलाय बहुतेक.

"बहुतेक?" तिने सूप आपटलं. "वरीसभर घसा फोडते मी, डाक्टरला दाखवा. तुमी काय बोल्लात? आर्मररचा डोला हाय. घ्या आता आर्मररचा डोला."

मी कपाटातून निवडीच्या दिवशीचे कागद काढले. त्यातला पूर्वीच्या नावाचा कागद खिडकीपाशी नेऊन चष्मा वर-खाली करत बघितला. डावीकडे एकच मोठं भोक दिसत होतं. बोट फिरवलं तेव्हा कळलं, पाच भोकं एकमेकांत शिरली होती. ज्याचा हात हलतो त्याचे छर्रे असे बसत नाहीत. हे फळ्यावर काढून मी दर वर्षी शिकवतो. म्हणजे डोळा अधू झाला म्हणून मी चुकलो, असंही नव्हतं. हा कागद त्या दिवशी माझ्या हातात होता. आंधळ्यालाही बोटाने कळलं असतं. पण आपण जुळवलेली रायफल चुकीची असेल, हे मला नको होतं. तेरा वर्षांच्या मुलीचा हात चुकीचा असणं मला चाललं.

निवड घेणाऱ्यांना फोन केला. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि सांगितलं की यादी केव्हाच गेली. आमच्या वर्गातून हृतिकचं नाव होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामोठ्याच्या मासळीबाजारात गेलो. पूर्वीची आई शांती तिथे बसते. उरणच्या बाजूची कोळीण, जुन्या कामोठे गावात दिलेली.

"या मास्तर," तिने लांबूनच हाक मारली. "काय देऊ? बोंबील घ्या. हाड नाय, काटा नाय, तुमच्यासारक्या मानसाला बरं."

शेजारच्या दोघी हसल्या.

"शांतीबाय, पूर्वी येत नाय शनिवारची."

"कशी येल? हात हलतो तिचा." तिने समोरच्या सुरमईवर कोयता घातला. "तुमीच बोल्लात ना? आता पोर भाकरी थापाया बसली तरी हाताकडं बगते. परवा ब्लाउजला हुक लावाया सांगला, सुई ओवली नाय तिनं. बोलते, आई, तू ओव, माजा हात हलतो. माज्या पोरीचा हात! सा वर्साची होती तवापासून कोलंबी सोलते माज्यासंगती. कदी कापला नाय."

मी खाली बघत होतो. बर्फाचं पाणी माझ्या चपलेखालून वाहत होतं.

"तिचा हात नाय हलत," मी म्हणालो. "रायफल मी चुकीची लावली होती. ती खरं सांगत होती."

शांतीचा कोयता थांबला. ती मला शिव्या देईल असं वाटलं होतं. तिने हात पुसले आणि शांतपणे म्हणाली, "मना कशाला सांगता? मी काय रायफल मारते? चार लोकांम्होरं बोल्लात, तर चार लोकांम्होरं सांगा. उद्या धाडते पोरीला."

शनिवारी पूर्वी आली. नेहमी पहिल्या रांगेत बसणारी, ती दाराजवळ बसली. पोरांची कुजबुज चालली होती.

मी फळ्यावर दोन गोल काढले. एकात पाच ठिपके लांब लांब, दुसऱ्यात पाचही डावीकडे एका जागी. "पहिल्यात दोष कोनाचा?"

"हाताचा!" सगळे ओरडले.

"दुसऱ्यात?"

"साईटचा!"

मी पूर्वीचा कागद टाचणीने फळ्याला लावला. "हा निवडीच्या दिवसाचा. पूर्वीचा. आता सांगा."

कुणी ओरडलं नाही. हृतिक हळूच म्हणाला, "म्हणजे सर, रायफल चुकली?"

"नाय. रायफलीला मी जसं लावलं तशी ती चालली. मी चुकलो." मी कागदावरच्या भोकावर बोट ठेवलं. "माजा डोळा अधू झालाय. तुमच्या रायफली मी त्या डोळ्याने जुळवत होतो. पूर्वीनं मला सांगितलं, मी ऐकलं नाय. तिनं बरोबर केलं, मी शिक्षा दिली. तिचा हात हलत नाय. या हॉलमदी सगळ्यात थिर हात तिचा हाय. माज्यामुळं तिची निवड गेली."

मुलांच्या नजरा मला झेपत नव्हत्या. शिकवणाऱ्याला वाटतं मुलं आपल्याकडे बघतात ते फळ्यासाठी. त्या दिवशी ती मला बघत होती.

मी खिशातून ब्लेड काढून तीन नंबरच्या स्क्रूवरचा लाल ठिपका खरवडला. स्क्रूड्रायव्हर पूर्वीपुढे धरला. ती लगेच उठली नाही. उठली, जवळ आली, आणि स्क्रूड्रायव्हर घेण्याआधी तिने आपल्या उजव्या हाताकडे बघितलं. क्षणभरच. पण ते बघणं मी तिला लावलेलं होतं.

"किती फिरवू, सर?"

"मला विचारू नकोस. एक छर्रा मार आनि कागदाला विचार."

तिने फिरवला, मारला, पुन्हा थोडा फिरवला. मग श्वास सोडून पाच छर्रे मारले. कागद आणून तिने माझ्यासमोर धरला. मी चष्मा लावला नाही. अंगठा फिरवला. बरोबर मध्ये, एकमेकांत शिरलेली पाच भोकं.

नेलपॉलिशची बाटली मी तिच्याकडे दिली. "ठिपका दे. आता तुजा."

तिने बाटलीचं झाकण उघडलं, थोडा विचार केला आणि परत लावलं. "नको सर. माज्यामागं हृतिक मारनार. त्याला फिरवाया लागंल."

बाटली माझ्या खिशात परत आली.

पोरं गेल्यावर मी हॉलच्या टेबलावर कल्पेश साहेबांचा कागद काढला. पट्टा दोन कड्यांचा, रुंद. गळ्याला रुतत नाही असा. टॉर्चचा खटका डाव्या अंगठ्याखाली यावा. पुढची मूठ नको, खिशाला अडकते. हे सगळं डोळे मिटून लिहिता आलं. साईटच्या रकान्यात लिहिलं: लाल ठिपक्याची साईट चांगली आहे. काच निर्दोष आहे, खराब आहे हे माझे बोलणे चूक होते. कोणती साईट घ्यायची ते जे चालवणार त्यांच्या डोळ्यांना दाखवून ठरवावे, आणि नेम ज्याचा त्याला जुळवू द्यावा. माझी दृष्टी अधू असल्याने याबाबत माझे मत धरू नये.

पूर्वी रायफली पुसून पेटीत ठेवत होती. तेवढ्यासाठी ती थांबली होती, की पाऊल निघत नव्हतं म्हणून, मला विचारवलं नाही. सहीची रेघ मला दोन दोन दिसत होती. त्यातली एक धरून मी सही केली. जगन घरत, आर्मरर, निवृत्त.

"पूर्वी, जरा बग गं. सही रेघेवर आली का?"

ती कापड हातात घेऊन आली. वाकून नीट बघितलं. खरं सांगावं की नाही, असं तिच्या तोंडावर आलं आणि गेलं.

"जरा डावीकडं गेली, सर," ती म्हणाली.