डब्यात काय आहे?

महिन्याचा पहिला सोमवार जवळ आला की छकुलीची आई कॅलेंडरकडे बघायचं टाळायची. त्या दिवशी तिच्या नवऱ्याच्या दंडाचं माप व्हायचं.

तो सुरक्षारक्षक पुरवणाऱ्या एका कंपनीत कामाला होता. तिथली पद्धतच तशी होती. सगळ्यांनी बाह्या दुमडून ओळीत उभं राहायचं आणि साहेबांनी एकेकाच्या दंडाला टेप लावायची. सोळा इंच भरले तर मोठ्या दुकानाचं पुढचं दार, थंडगार हवा आणि गिऱ्हाइकांचे नमस्कार. कमी भरले तर मागचं दार, कचऱ्याच्या गाड्या आणि बाकीच्यांची टिंगल. चोर काही दंड बघून येत नाही, हे साहेबांना सांगणार कोण?

दंड भरावा म्हणून गेले चार महिने तोही कंपनीतल्या बाकीच्यांसारखाच व्यायामशाळेतल्या कोचकडची पावडर घेत होता. ती साध्या प्लास्टिकच्या पिशवीत यायची. पिशवीवर एक अक्षरही नसायचं. छकुलीची आई रसायनशास्त्र शिकलेली. बिस्किटाच्या पुड्यावरचा मजकूरसुद्धा वाचल्याशिवाय ती पुडा फोडत नसे, म्हणून घरात तिला ‘इन्स्पेक्टर’ म्हणत. या पिशवीवर मात्र इन्स्पेक्टरने वाचायचं तरी काय?

त्या सोमवारी सकाळी त्याने दोन चमचे पावडर पाण्यात ढवळली. ग्लास धरलेला हात बारीक थरथरत होता.

“अहो, आज नका ना घेऊ. हल्ली झोपता तेव्हा तुमच्या छातीची धडधड मला उशीवर ऐकू येते.”

“तू स्वतःच्या सावलीलाही घाबरतेस. नैसर्गिक आहे ते.”

“नैसर्गिक म्हणजे नक्की काय असतं त्यात?”

“म्हणजे... नैसर्गिक असतं!” तो वैतागला. “कोच स्वतः घेतात. ते मेले का?”

सासूबाई डाळ निवडत होत्या. “अगं, आत्ता कुठे अंग धरलंय त्याने. लग्नात कोट त्याने घातला होता की कोटाने त्याला, कळत नव्हतं. चार लोक चांगलं म्हणतायत, तर तुझं आपलं काहीतरीच.”

ती छकुलीला घेऊन आतल्या खोलीत गेली. घाबरट ठरलेल्या माणसाला रोज रोज तेच बोलण्याचीही लाज वाटायला लागते.

तो कामावर गेला. साडेदहाच्या सुमारास ती न्हायला गेली. तेवढ्यात छकुली रडायला लागली, तेव्हा सासूबाईंनीच तिची दुधाची बाटली केली. आठ महिन्यांची पोर गटागटा प्यायली.

अर्ध्या तासात ती झोपायला हवी होती. ती झोपेना. आईने मांडीवर घेतलं, खांद्यावर घेतलं, तरी डोळे टक्क उघडे. गाल लालभडक. मुठी वळलेल्या आणि त्या मुठी थरथरत होत्या. हे थरथरणं तिने सकाळीच कुठेतरी पाहिलं होतं. तिने तळहात लेकीच्या छातीवर ठेवला. ठोके मोजता येत नव्हते, इतके भरभर पडत होते.

“आई, दूध कोणत्या डब्यातलं केलंत?”

“कोणत्या म्हणजे? तिच्याच. फळीवरच्या.”

फळीवर एकसारखे दोन डबे होते. दोन्हींवर हसऱ्या बाळाचं चित्र. पावसाळी हवेत पिशवीतल्या पावडरीचे गोळे होतात म्हणून नवऱ्याने ती छकुलीच्या रिकाम्या डब्यात ओतली होती, आणि ओळखायला वर लाल रबरबँड लावला होता. आता तो रबरबँड डाळीच्या पिशवीच्या तोंडाला होता.

“पिशवी उघडी राहत होती गं,” सासूबाई पुटपुटल्या. मग सुनेचा चेहरा बघून त्यांना समजलं, आणि त्या जागच्या जागी खाली बसल्या.

बाटलीच्या तळाशी राहिलेला थेंब तिने जिभेवर घेतला. आधी गोड, मग कडूजहर.

ती ओल्या केसांनीच निघाली. एका हातात छकुली, दुसऱ्या हातात पिशवी, पिशवीत दोन्ही डबे. रिक्षात फोन वाजला. नवऱ्याचा निरोप होता: ‘सव्वासोळा! पुढचं दार पक्कं!’

“यात काय आहे?” इस्पितळातल्या डॉक्टरबाईंनी डबा उघडून विचारलं. “मला घटक सांगा. नाहीतर मी उपचार कशावर करू?”

तिने कोचला फोन लावला.

“वहिनी, एकदम नैसर्गिक माल आहे...”

“त्यात काय काय आहे ते सांगा! माझ्या मुलीच्या पोटात गेलंय!”

पलीकडे दार लागलं. मग दबलेला आवाज. “खरं सांगू? मला नाही माहीत. वरून गोणीत येतं. मी नुसत्या पिशव्या भरतो.”

इतका वेळ तिला भीती होती की त्यात काहीतरी वाईट असेल. आता कळलं, की त्यात काय आहे ते कोणालाच ठाऊक नाही. देणाऱ्याला नाही, घेणाऱ्याला नाही, टेप लावणाऱ्याला तर त्याची पर्वाच नाही. ही भीती पहिलीहून कितीतरी मोठी होती.

छकुलीच्या छातीला तारा लावल्या. इवल्याशा हातात सुई गेली. पडद्यावरचा आकडा दोनशेच्या पुढे जायचा, जरा खाली यायचा, पुन्हा चढायचा. आई त्या आकड्यावरून नजर हलवेना. आपण नजर काढली तर तो आकडाही आपल्याला सोडून जाईल, असं तिला वाटत होतं.

तिचा फोन मिळताच नवरा गणवेशातच धावत आला, मागोमाग सासूबाईही आल्या. त्याने काचेतून लेकीला बघितलं आणि भिंतीचा आधार घेतला. डॉक्टरबाईंनी न विचारताच त्याचं मनगट धरलं.

“तुम्हीही हेच घेता ना? तुमचे ठोके काय बोलतायत, ऐकताय का?” त्या शांतपणे म्हणाल्या. “सगळ्याच पावडरी वाईट नसतात. तपासलेली असेल, घटक लिहिलेले असतील, तर आम्हीही एखाद्याला देतो. बाकी अंग भरतं ते दूध, अंडी, डाळी, व्यायाम आणि झोप यांनी. पण त्याला वेळ लागतो, आणि यांनी सांगितलं, तुमच्या साहेबांना दर महिन्याला माप हवं असतं.”

तो पुन्हा काचेतून लेकीकडे बघू लागला.

चार वाजून गेल्यावर आकडा उतरला आणि उतरलेलाच राहिला. छकुली झोपली. तेव्हा कुठे सासूबाई सुनेच्या खांद्यावर डोकं टेकून हमसून रडल्या. “माझ्या हातांनी पाजलं गं मी...”

“आई, तो हात एकट्या तुमचा नव्हता,” ती म्हणाली.

पुढच्या महिन्यातल्या पहिल्या सोमवारी ती कंपनीच्या दालनात गेली. कडेवर छकुली होती. चाळीस पुरुष बाह्या दुमडून उभे होते.

“बाई, घरचं भांडण घरी,” साहेब हसले.

“एकच विचारते आणि जाते.” तिने डबा टेबलावर ठेवला. आवाज कापत होता, पण तो तिने थांबवला नाही. “यातलं चुकून माझ्या लेकीच्या बाटलीत गेलं. या डब्यात काय आहे? तुमच्यापैकी एकाने सांगा. हेच खाऊन तुम्ही ओळीत उभे राहता ना?”

कोणी खोकलं. कोणी छताकडे पाहिलं.

साहेबांनी तिच्या नवऱ्यापुढे टेप धरली. “चल रे, हात वर कर.”

त्याने दुमडलेली बाही सोडली, मनगटापर्यंत खाली ओढली आणि बटण लावलं.

“मला मागच्या दारावर टाका, साहेब.”

ओळीत हशा पिकला. कोणी शिट्टी मारली. तो ओळीतून बाहेर पडून बायकोच्या शेजारी येऊन उभा राहिला, तेव्हा त्याची मान खाली होती. लाज एका दिवसात जात नाही.

दोघं दारापर्यंत पोचले, तोच ओळीतला एक दांडगा रक्षक मागून आला. दालनातला सगळ्यात रुंद दंड त्याचा होता. आपल्याकडे कोणी बघत नाही ना, याची त्याने खात्री करून घेतली.

“वहिनी,” तो कुजबुजला, “माझीपण दोन लहान आहेत. कुठे ठेवू मग डबा? उंचावर ठेवला तर चालेल?”

तिने त्याच्या हातांकडे पाहिलं. ते थरथरत होते.

“भावजी,” ती म्हणाली, “हे ठेवण्याइतकी उंच जागा कुठल्याच घरात नसते.”